खोडलेलं पान

बाळा वजदी,

सगळ्यात आधी दारात आला तो एक चष्मेवाला, मागून आणखी दोघं. "विद्यापीठाच्या नाटकाच्या कामाने आलोय, आजी." मला कोण आनंद! तुझी लेक निरमीन चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकात इंग्रजांचा राजा झालीय, मुलगी असून! अख्ख्या मन्सुऱ्यात असं कुणाचं झालंय? मी लगेच रव्याचा गोड बसबूसा कापला. चहात साखर जरा जास्तच पडली, पण प्यायले बिचारे.

चष्मेवाल्याने विचारलं, "पोरगी घरी तालीम करते का?"

"करते म्हणजे? पिठाची चाळणी मुकुट म्हणून घालते, मग स्वतःच उतरवून माझ्या हातात देते. राज्य सोडते हो! मला रडूच येतं."

"राज्य सोडायचं ते पान तर आमच्या कचेरीने खोडून, वर शिक्का मारून पाठवलं होतं."

"अहो, तेच तर तिचं सगळ्यात झकास होतं!" म्हणत मी चाळणी घालून करूनही दाखवलं. तिघं पोट धरून हसले. एकाने वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी निरमीनला हौसेने सांगितलं, तर ती पांढरीफटक पडली. "तेता, ते पान प्रयोगाच्या दिवशी आम्ही गुपचूप करणार होतो. सगळ्या विभागाचं ठरलं होतं. काय केलंस हे?" नाटक बसवणाऱ्या तिच्या सरांचा फोन तेव्हापासून बंद आहे.

तुला कळवू नकोस म्हणालीय, म्हणून ही चिठ्ठी गादीखालीच ठेवते. पण काम फार सुंदर करते रे.

ते तिघं मंगळवारी सकाळी परत येतो म्हणालेत. तिला घरीच थांबवा म्हणाले.

तुझी बडबडी आई