सतरा नंबरच्या फेऱ्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

कानात सतरा नंबरचा बिल्ला असलेलीने आजही गवताला तोंड लावलं नाही. प्रयोगासाठी बारा मेंढ्यांच्या मागच्या पायाचं हाड एकाच आठवड्यात पोखरलं, टाकेही बरोबरच निघाले. बाकीच्या अकराजणींची तोंडं चालू आहेत. ही मात्र भिंतीकडे तोंड करून उभी. मेंढी म्हणजे कळपाचं जनावर, आणि इथे एकेकीला एकेक खण, मध्ये पत्रा. डॉक्टरबाईंचा नियम आहे — सगळ्यांची हालचाल सारखी हवी, तरच हाड कशाने भरलं ते कळेल. पटतं मला. पण सतराला कोण पटवणार?

५ फेब्रुवारी

वजन आणखी उतरलं. एक्स-रेवाला तोंडाने फटकळ, मनाने बरा. म्हणाला, "मावशी, शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर हिला झोपवणार." झोपवणं म्हणजे काय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी

केलं एकदाचं. सकाळी, कोणी यायच्या आत, कडी काढली आणि तिला बोळात आणलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार फेऱ्या. ती लंगडत, मी गुडघे धरत — आंधळ्याची पांगळ्याशी गाठ! परत खणात सोडली तर मूठभर गवत खाल्लं.

कोणाला सांगणार? म्हणून इथे.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून गेले. लेकाचा फोन — आई, रविवारी कसली ड्युटी? जनावरांना रविवार नसतो, म्हटलं. खरं ते सांगितलं नाही. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच म्हणतात. पण त्याला दुसरं भांडं तर हवं.

२० फेब्रुवारी

वीस फेऱ्या. लंगडणं गेलं. आता माझी चाहूल लागली की आधीच दाराशी येऊन उभी. जनावरांना नावं ठेवायची नाहीत, असा इथला दंडक. नाही ठेवलं. नुसतं "सतराबाई" म्हणते.

१४ मार्च, शुक्रवार

आज एक्स-रे. डॉक्टरबाईंनी मुद्दाम बोलावून दाखवला. अकरा वर्षं त्यांच्या पाठीमागे उभी राहून मीही वाचायला शिकले आहे — काळं ते भोक, पांढरं ते हाड. सतराचं भोक जवळजवळ पांढरं!

बाई हरखल्या होत्या. हाड भरून यावं म्हणून त्यांनी एक लगदा बनवलाय, सहा वर्षं त्यापायी घालवली. काही मेंढ्यांच्या भोकात तो भरलाय, काहींचं भोक रिकामंच ठेवलंय. कोणाचं काय, ते ऑपरेशन करणाऱ्याने लिहून पाकीट बंद केलं. बाईंनाही ठाऊक नाही. पण "हिच्यात लगदाच असणार मावशी, बघा कसा काम करतोय," म्हणाल्या.

मी हो हो केलं. डबा तसाच परत आणला.

१५ मार्च

सांगितलं तर सतरा प्रयोगातून बाद. बाद झालेलं जनावर इथे ठेवत नाहीत.

नाही सांगितलं तर उद्या कुणाच्या तरी मोडक्या पायात तो लगदा भरतील, माझ्या फेऱ्यांच्या भरवशावर.

१६ मार्च

फिरवून आणलं. फेऱ्या मोजायच्या राहिल्या.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कधीपासून, एवढंच विचारलं. मी तारीख सांगितली. मग बराच वेळ पेनाचं टोपण काढ-घाल करत बसल्या.

"मला विचारायचं होतंत, मावशी. तिच्या सोबतीची काहीतरी सोय मी नियमात बसवली असती."

विचारायचं असतं, हेच कधी सुचलं नाही. अकरा वर्षांत सांगितलेलं ऐकलं, नाहीतर गुपचूप केलं. तिसरं काही असतं होय?

सतराचा निकाल गुरुवारी. तोवर कडीला कुलूप.

२० मार्च, गुरुवार

पाकीट फोडलं. सतराचं भोक रिकामं होतं.

लगदा नव्हताच! बाईंनी यादी तीनदा वाचली. म्हणाल्या, तुम्ही गप्प बसला असतात तर रिकामं हाड आपोआप भरतं असं धरून आम्ही लगदाच टाकून दिला असता. एका मेंढीवरून काही ठरत नाही म्हणे. पण चालण्याने हाड किती भरतं, ते आता रीतसर तपासायचं. सतराला झोपवायचं नाही. रोज वीस फेऱ्या, घड्याळ लावून, लेखी.

बोळात जाऊन रडून घेतलं.

२४ मार्च

फेऱ्या एक्स-रेवाला घालतो. सतराला माझी सवय आहे, माझ्याबरोबर ती वेगळीच चालते, म्हणून मी नको. बरोबरच आहे. त्या वेळात मी धुण्याच्या खोलीत, दार लावून. बोळ याच दारावरून जातो. दर फेरीला ती इथे थांबते, तो तिला पुढे ओढतो.

मी नळ बंद करते आणि आवाज करत नाही.