रिकामी गाडी हाकू नये

अंकुशनगर,
दि. १३ डिसेंबर १९९८, रविवार

श्रीयुत तातेराव दाजी यांस,
बद्रीनाथचा नमस्कार. उषाताईकडे आशीर्वाद मागतो, कारण या पत्रानंतर तुमच्याकडून मिळतील की नाही याची खात्री नाही.

तुमची तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, याची आधी माफी. हंगाम सुरू आहे, कारखान्याच्या प्रयोगशाळेत मान वर करायला वेळ नाही, असं मी मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. पण ते खोटं होतं (उसाचा रस तपासायला आठ तास लागतात, उरलेल्या सोळांचं काय?), म्हणून तो कागद फाडला. खरं कारण असं की तिन्ही पत्रांत तुम्ही एकच विचारलं होतं, माझी गाडी कशी आहे, आणि मला उत्तर माहीत होतं. तुमचं पित्त कसं आहे? उषाताईची कंबर? उत्तर सविस्तर लिहा. एवढं विचारलं, तेवढाच मला गाडीचं सांगायला उशीर झाला.

तर गाडी. दसऱ्याला तुम्ही पुण्याहून तुमची ती रिमोटवर पळणारी लाल मोटार आणलीत, तेव्हा आबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चालले नाहीत तर पाय कायमचा धरेल, आणि आबा खाटेवरून उतरायला तयार नव्हते. मी समजावून हरलो. मालन सासऱ्याशी भांडून हरली. तुम्ही मात्र काही न बोलता रिमोट त्यांच्या हातात दिलात. गाडी फाटकाबाहेर गेली, पंचवीस-तीस पावलांपलीकडे ऐकेना, आणि आबा "आरं, पळाली की!" म्हणत काठी घेऊन तिच्यामागं निघाले. तुम्ही ती पंधरा दिवसांसाठी ठेवून गेलात. (पंधरा दिवस संपले त्या तारखेला मी रोजनिशीत 'गाडी परत करणे' असं लिहिलं आहे. त्यानंतर रोज लिहिलं आहे.)

आबा रोज सकाळी वसाहतीच्या टोकाला कडूबाकडे जाऊ लागले. जन्मभर आबांच्या बैलगाडीमागं आपली गाडी हाकणारा तोच हा कडूबा. पुढं मोटार, मागं आबा. पण दिवाळीनंतर मोटार तापू लागली. अर्ध्या वाटेवर थांबायची. मग आबा तिला काखेत मारून परत यायचे आणि "आज बंद" म्हणून खाटेवर आडवे. म्हणजे गाडी थांबली की पायही थांबला. मी रोजनिशीत दोन रकाने आखले, एकात आबांची पावलं, दुसऱ्यात बॅटरीचं तापमान. थर्मामीटर घरचाच, तापाचा घेतला (प्रयोगशाळेतला आणावा की नाही यावर दोन दिवस विचार केला आणि आणला नाही). पारा एकशे आठपर्यंत चढला आणि थर्मामीटर फुटला. मालन म्हणाली, "आता ठिवा तिच्या कपाळावर मिठाच्या पान्याच्या पट्ट्या." ती टोमणा मारत होती हे माझ्या लक्षात आलं, पण पट्ट्या ठेवून झाल्यावर.

मग शास्त्रशुद्ध मार्गाला लागलो. बॅटरी गरम असतानाच मी चार्जिंगला लावत होतो, ते बंद केलं. आधी तासभर गार होऊ देतो. मागच्या आसात उसाच्या चिपाडाचे तंतू गुंडाळले होते, ते चिमट्यानं काढले. तेलाचे दोन थेंब दिले. आतल्या मोटारीला वारा लागावा म्हणून तापल्या सुरीनं तुमच्या लाल टपाला चार खिडक्या पाडल्या. (सुबक झाल्या नाहीत. एक तर दरवाजाच झाली.) तरी तापतेच. शेवटी रजा टाकून एसटीनं जालन्याला, मस्तगडला गेलो. तिथं रायभान मिस्त्री विहिरीवरच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरतो. त्यानं ही मोटार तळहातावर घेतली, चिलटाकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, मोटार बराबर हाय. लोड येऊन राह्यला."

मी म्हणालो, लोड कसला, मोकळी गाडी पळते.

"मोकळी गाडी इतकी तापत न्हाई. मोटार खोटं बोलत न्हाई, सायेब. मानूस बोलतो."

मला राग आला. परतीच्या एसटीत मी रोजनिशीत लिहिलं, 'मिस्त्री अनुभवी, पण तर्कदुष्ट.' हे वाक्य आता खोडता येत नाही, शाईनं लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या मागं गेलो. बापावर पाळत ठेवणं योग्य की अयोग्य, याचा विचार उसाच्या ट्रॉलीआड उभा राहून करत होतो. वळण पार झालं तसे आबा थांबले, कोपरीच्या खिशातून सुतळी काढली आणि हातभर उसाच्या तीन कांड्या गाडीवर आवळल्या. सुतळी माझ्याच खिडक्यांतून ओवली होती.

"आबा, हे काय?"

"ऊस."

"गाडीवर कशाला?"

"मंग काय रिकामी हाकू? रिकामी गाडी तुह्या आज्यानं हाकली न्हाई, म्या हाकली न्हाई."

कडूबाला एकही दात नाही, दाजी. ऊस त्याची शेळी खाते. हे आबांनाही ठाऊक आहे. मी म्हणालो, ओझं काढा, मोटार जळेल. आबांनी रिमोट माझ्या हातात ठेवला. "घे. रिकामं हिंडायला म्या काय येडा हाय?" आणि घरी येऊन खाटेवर पडले. पुढचे दोन दिवस पावलांच्या रकान्यात शून्य आहे. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं ऊस बांधला (तुमची मोटार की त्यांचा पाय, असा प्रश्न होता, मी तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल हे ठाऊक होतं आणि तरीही विचारायला हवं होतं). फक्त म्हणालो, आबा, चढ आला की बैलाला दम खाऊ देत होतात ना? ते त्यांना एका शब्दात कळलं. त्या दिवसापासून प्रत्येक लिंबाखाली गाडी उलटी करून निवत ठेवायचे आणि शेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचे. अकरा दिवस सुखाचे गेले.

गेल्या गुरुवारी कडूबाची शेळी व्याली. आबांनी तिच्यासाठी बाजरी-गुळाचं अख्खं गाठोडं लादलं. चढावर मोटारीतून धूर निघाला. मी कामावर होतो. मालननं फाटकातून पाहिलं आणि धावली. तिला वाटलं, संपलं, आता म्हातारा पुन्हा खाट धरणार. आबांनी गाडी तिच्या हातात दिली, "हिला घरी ने, लई दमली," म्हणाले आणि गाठोडं खांद्यावर टाकलं.

"आबा, बसा जरा!"

"गाडी बसली म्हून माल थांबतो व्हय?"

गेले आणि आले. शुक्रवारी गेले, काल गेले, आज रविवार असूनही गेले. आजची पावलं नऊशे चाळीस. दाजी, तुमची मोटार जळाली आणि त्या संध्याकाळी मी शिरा खाल्ला. हे लिहिल्याशिवाय पत्र पाकिटात घालवेना.

तुमच्या रिमोट-मोटारींच्या क्लबची स्पर्धा वीस तारखेला आहे. गाडी आहे तशी पाठवतो. क्षमा मागण्याची माझी लायकी किती, ते टप पाहून ठरवा.

तुमचा,
बद्रीनाथ

ता. क. आबांना आता गाडीची गरज उरलेली नाही, असं मी वर लिहिणार होतो. पण पत्र त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी निरोप सांगितला, तो जसाच्या तसा: "दाजीला लिही, जनावरात खोट नव्हती. येकट्या बैलाला वझं वढत न्हाई. जोडी पाठवा."

ता. क. २. मोटारी जुंपत नाहीत, असं मी त्यांना सांगितलं. उत्तरादाखल त्यांनी कडूबानं तासलेलं बाभळीचं वीतभर जू दाखवलं. तेव्हा गाडी मी अजून पाठवत नाही. स्पर्धा झाल्यावर दुसरी एखादी, शक्यतो त्याच उंचीची, मिळाली तर पाहावं. रंगाचा आग्रह नाही.

रोजनिशीत उद्याचं काम लिहिलं आहे: आबांच्या काठीचं खालचं रबर बदलणे. झिजून लाकूड लागलं आहे.