वसंताचा सदरा आन माझी मिसरी

१२ जाने. २००४
मीराला खालचा दात आला. तांदळाचा दाणाच. पेल्यानं टकटक वाजवून पाहिला, नात हासली. वसंताला हाक मारली. ल्योक ओट्यावर येऊस्तोर दोनदा थांबला. तिशी न्हाई अजून.

२० जाने.
नांदेडहून आलो. मशीनीतला फोटो. फुफ्फुसाला भोकं, मोहळाच्या पोळ्यावाणी. आजाराचं नाव मला लिहिता येईना. डॉक्टर म्हणले, असा पेशंट मला दुसराच. बिडीवाल्यालाच बहुतेक होतो. मी इचारलं, "बिडी सोडली तर भोकं बुजतेत का?"
"कधी बुजतात आजी, कधी नाही. न सोडता मात्र आशा नको."
तीन म्हयन्यानं परत फोटो. वसंतानं बंडल तिथंच नळाखाली धरलं.
येताना यष्टीत मीरासाठी खुळखुळा घेतला. लाल.

१५ फेब्रु.
वसंताच्या सदऱ्याला तमाखूचा वास. तोंडावर बोलले, चोरून पेऊन राहिला तू. त्यानं मीराच्या डोक्यावर हात ठेवला, "न्हाई पेलो, माय." मला खरं वाटलं न्हाई. तवापून बोलत न्हाई माझ्यासंगं. बडीशेप चघळत बसतो.

२ मार्च
सकाळी मिसरीची तमाखू चुलीवर भाजून राहिले होते. घरभर धूर. आधी मीरा खोकलली, मंग वसंता. त्याला धापच लागली. सून रुक्मिणनं चुलीवरच्या वलणीच्या दोरीवरचा वसंताचा सदरा वढला अन् माझ्या नाकापुढं धरला. तोच वास.
सदरा माझ्या मांडीवर टाकून रुक्मिण मीराला घेऊन बाहेर गेली. बोलली असती तर बरं.
लेकाची बिडी सुटली, अन् मी त्याला चुलीतून पाजून राहिले. आठवड्यातून दोनदा. किती भोकं माझी असतील त्यात.

३ मार्च
मिसरीची डबी उकिरड्यात. वसंताला सांगितलं, चूक माझी. तो म्हणला, "आता तुझी बी सुटली म्हण." हासला, मंग खोकलत बसला. पाठ चोळली.

९ मार्च
दाढा ठणकतेत. कोणावर बी खेकसते. मीरावर न्हाई. ती रांगून राहिली, वसंता तिच्यामागं रांगतो. अर्ध्यात बसतो.

२० एप्रिल, नांदेड
दवाखान्याच्या बाकड्यावर लिहून राहिले. डॉक्टरला मिसरीचं समदं सांगितलं. रागावले न्हाईत. "कधीपासून बंद?" म्हणले. दीड म्हयना, म्हणलं. मान हलवली. चांगली का वाईट, कळलं न्हाई.
वसंता, रुक्मिण आत गेले. दार लावायच्या आत दिसलं, डॉक्टरनं दोन्ही फोटो उजेडाला धरले. जुना अन् नवा.
अजून बाहेर न्हाई आले.
मीरा माझं बोट चावून राहिली. दोन दात झाले आता, चांगले टोचतेत. काढत न्हाई बोट.