लाकडी कैल्यात पाणी ओतल्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक, वजने व मापे,
तालुका कार्यालय, बनी शिराक (वरचा इजिप्त).

विषय : माझ्या कैल्याचे लिटर ठरवताना झालेल्या घोळाबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. ९ मे १९६३.

महोदय,

अर्जदार हा नजा हल्फा गावचा पिढीजात मापारी असून एकेचाळीस वर्षे खळ्यावर कैला या लाकडी मापाने गहू मोजत आहे. बारा कैल्यांचा एक अर्देब, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. परंतु आता कैल्यावर लिटरचा शिक्का हवा असा हुकूम निघाल्याने मी तो गाढवावर घालून आपल्या कार्यालयात आणला.

१. आपल्या सरकारी तक्त्यात कैला साडेसोळा लिटरचा आहे. आपले कारकून रिफअत एफेंदी यांनी तपासणीसाठी त्यात पाणी ओतले. महोदय, कैला लाकडाचा आहे. गव्हाला जी फट सापडत नाही, ती पाण्याला सापडते. एफेंदींची विजार भिजली आणि नोंद झाली : चौदा लिटर. मी म्हटले, "साहेब, गहू भरून बघा की!" तर म्हणाले, "काका, लिटर पाण्याचा असतो. तुम्ही मला शिकवू नका."

२. गळती थांबावी म्हणून त्यांनी कैला तीन दिवस हौदात बुडवला. लाकूड फुगले, माप पंधरावर आले. मग वाळावा म्हणून गच्चीवर ठेवला, तोही ऐन मे महिन्यात! कैला तळापर्यंत तडकला. पुन्हा ओतलेले पाणी जिन्यावरून थेट रस्त्यावर गेले. त्यावर आपले संदर्भीय पत्र : "एक कैला बरोबर शून्य लिटर." हसावे की कपाळ बडवावे, हेच मला कळेना.

३. गावात मात्र "चौदा" एवढेच पोचले. बहिया नावाच्या विधवेला कुळाकडून दरसाल दहा कैले गहू मिळतात, ते मीच मोजतो. तिने भर खळ्यात विचारले, "शहाताकाका, माझ्या लेकरांच्या तोंडचा घास कुठं नेत होतात हो?" आता ती पातेल्याने मोजून घेते. मला खळ्यावर कोणी उभे करत नाही, सलामही घेत नाही. या वयात चोर म्हणवून घेणे मला सोसत नाही.

तरी नवा कैला नको, भरपाईही नको. आपल्याच पत्राप्रमाणे ज्यात काहीच मावत नाही, त्या मापाने मी बहियाचे काय चोरले, हे आपण खळ्यावर येऊन तिला मोठ्याने वाचून दाखवावे. तिला वाचता येत नाही, आणि माझे ती ऐकत नाही.

आपला त्रासलेला, तरीही नम्र,
(सही) शहाता अब्दुल-मौला
दि. १४ मे १९६३

सोबत : कैल्याचे तुकडे, चार.