अँटेना, घर आणि हायरियेची सही

मी, पोलिक्सेनी स्पिरो धामो, वय चौऱ्याहत्तर, राहणार दुर्रेस, बंदरामागची गल्ली, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन बोलावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा गेन्तियान यास.

२. शिवणयंत्र सुनेस. दर वेळी सुई तीच मोडते, तरी तिलाच.

३. दीर कोचो यांस काहीही नाही. माझा नवरा स्पिरो शिक्षा भोगत होता तेव्हा त्यांना आमच्या घराचा रस्ता सापडत नव्हता. माझ्या मयताच्या जेवणाला बरोब्बर सापडेल.

४. छपरावरची अँटेना भंगारात घालू नये. अंधार पडला की स्पिरो ती समुद्रापलीकडे इटलीकडे वळवायचा, उजाडायच्या आत परत आपल्या राजधानीकडे, तिरानाकडे. पडदे ओढून, आवाज बारीक करून आम्ही तिकडचा टीव्ही बघत बसायचो. तेव्हाच्या राजवटीत परदेशी टीव्ही बघणं गुन्हा होता; त्यापायी त्याला तीन वर्षं क्रोमच्या खाणीत सक्तमजुरीला धाडलं. तिथल्या खोकल्यानेच तो गेला.

५. चुगली शेजारच्या हायरियेने केली असं गल्ली म्हणाली, मीही म्हणाले. तिने कधी नाही म्हटलं नाही. गेन्तियान, तू आजही तिला पाहून वाट बदलतोस.

गेल्या हिवाळ्यात तुझ्या बालवाडीच्या बाईंनी मरणाआधी मला बोलावून खरं सांगितलं. चार वर्षांचा तू वर्गात इटलीच्या बिस्किटांच्या जाहिरातीचं गाणं म्हणालास. बाईंनी ते वर कळवलं. हायरिये तिथे स्वयंपाकाला होती, तिने सगळं ऐकलं होतं.

मी तशीच तिच्याकडे गेले. "अगं बये, चाळीस वर्षं तोंड शिवून बसलीस?"

"मग काय करू? पोरानं बापाला खाणीत धाडलं, असं लोकांनी त्याला जन्मभर ऐकवलं असतं. माझी कातडी जाड आहे. कॉफी ठेवते, बस."

बाळा, तुझी काही चूक नव्हती. ते गाणं तुझा बापच तुला मांडीवर घेऊन शिकवायचा.

६. अर्धं घर हायरियेला द्यायचं आणि साक्षीलाही तिलाच घ्यायचं मी ठरवलं होतं. वकील म्हणाले, जिला काही मिळतं तिची साक्ष चालत नाही. हायरिये म्हणाली, "मग मला काही नको. मी सही करते." म्हणून तिला काही दिलेलं नाही. जिच्या तोंडावर गल्लीने दारं लावली, तिच्या साक्षीने हे घर तुझं होत आहे.

किल्ली तिच्याकडे ठेवली आहे. मागायला तुलाच जावं लागेल. जाशील तेव्हा काकू म्हण.

दुर्रेस, १४ मे २०१८

लिहून देणार: पोलिक्सेनी धामो (सही)

साक्षीदार:
फातोस ल्लेशी, औषधांचे दुकानदार (सही)
हायरिये चेला, शेजारीण (सही)