पिवळ्या चकत्या

नाशिक,
मार्च १९८७

प्रिय मैना,
सप्रेम जय भीम.

माझ्या शाळेतल्या काळू गावित गुरुजींशी लग्न करू का, असं तू पत्रात सरळ विचारलंस आणि मी मात्र गप्प बसलो. तिकडे सुरगाण्यात पोस्टमनची वाट बघून कंटाळली असशील. रागावू नकोस, मी रिकामा बसलो नव्हतो. तुझ्या आईचं रोज चालू आहे. डोंगरातलं घर, पोरगी नागलीच्या भाकरीवर राहील का, ती माणसं आपल्याला आपलं म्हणतील का. हा शेवटचा प्रश्न मलाही पडला होता, खोटं कशाला बोलू. तिने मुलाला घरी बोलवायचा घाट घातला, तो मी मोडला. पोह्यांच्या बशीसमोर कुठलाही मुलगा सज्जनच दिसतो.

माणूस ओळखायची माझी रीत वेगळी. हातगाडीवर एक कर्णा आणि एक रेकॉर्ड प्लेअर घेऊन मी धंद्याला लागलो तेव्हा तू पहिलीत होतीस. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत लोक पाणी प्यायला जायचे ते परत यायचेच नाहीत. म्हणून दुसरा प्लेअर आणला, आणि तुझ्या पिवळ्या सॅटिनच्या फ्रॉकचा बळी गेला. त्याच्या दोन गोल चकत्या कापून मी तबकड्यांखाली घातल्या. सॅटिन घसरतं, म्हणून खालची थाळी फिरत राहते, वरची तबकडी बोटाने धरून ठेवायची आणि ठेका जुळला की सोडायची. तू रडून घर डोक्यावर घेतलंस, आणि भीमजयंतीला सगळ्यात पुढे नाचलीस तीही तूच. भीमगीताच्या ढोलकीतून कव्वाली, कव्वालीच्या टाळ्यांतून मुंबईहून आणलेलं इंग्रजी गाणं, त्यातून लावणी. जाणती माणसं म्हणायची, सहादू, ही काय मिसळ लावलीस? मी म्हणायचो, नाशकात राहता आणि मिसळीला नावं ठेवता? आता गंगापूर रोडच्या हॉटेलात शनिवारी डिस्कोला मला कोट घालून उभं करतात, पण हात तेच आणि चकत्याही त्याच. तुझी आई मात्र अजून म्हणते, इतक्या लग्नांत मी एकटीच नाचले, हे आपले कायम मशीनमागे. खरं आहे. मी आजवर एकाही लग्नात नाचलो नाही.

पण मशीनमागून दिसतं फार. गाणं चालू असताना सगळेच छान नाचतात, गाणं बदलतं तेव्हा माणूस कळतो. कुणी थांबून माझ्याकडे डोळे वटारतो, कुणी फतकल मारून बसतो, कुणी शेजारच्याला ढकलून पुढे घुसतो. तुझ्या सुलाआत्याच्या पहिल्या स्थळाला मी यावरूनच नको म्हटलं होतं, आणि पुढे तो कसा निघाला ते तुला ठाऊक आहे.

तर आता ऐक. मागच्या रविवारी लासलगावला जातो असं आईला सांगून मी तुझ्या सुरगाण्याकडेच आलो होतो. तू ट्रेनिंगला पेठला असणार, हे तुझ्याच पत्रातून कळलं होतं. तुझ्या काळूच्या चुलतभावाच्या लग्नाची सुपारी मी खटपट करून मिळवली आणि जीपच्या टपावर स्पीकर बांधून घाट चढलो. जेवायला त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला शेजारी बसवलं. मग त्याने पावरी काढली. फुंकून वाजवायचं ते लांबलचक वाद्य मी कौतुकाने बघतोय म्हटल्यावर त्याने ते सरळ माझ्या हातात दिलं. आपलं म्हणतील का, हा प्रश्न मी तिथेच सोडून दिला. तो वाजवायला लागला आणि मला राहवेना. मी एक डिस्कोचा ठेका त्या पावरीखाली सरकवला. आधी चुकला, मग बसला. पोरं वेडी झाली. तुझा काळू सगळ्यात पुढे होता, आणि बरा नाचतो, सांगायला हरकत नाही. पण त्याची आजी, भागीबाई, त्या नव्या ठेक्यात अडखळली आणि बाजूला व्हायला लागली. तो पुढची जागा सोडून मागे गेला, तिचा हात धरला आणि दोन ठोक्यांना एक पाऊल टाकू लागला. म्हातारी हसायला लागली. ठेका दोघांचाही चुकला नाही.

गंमत पुढेच आहे. सामान आवरताना त्याने मोठा स्पीकर जीपमध्ये चढवून दिला आणि हळूच म्हणाला, आण्णा, पिवळ्या चकत्या तेवढ्या आठवणीने घ्या. म्हणजे तू त्याला सगळं सांगून ठेवलं होतंस. त्याने मला पहिल्या गाण्यालाच ओळखलं होतं. मग बोलला का नाहीस, म्हटलं, तर म्हणतो, तुम्ही कामात होता. मी त्याला बघायला गेलो आणि दुपारभर तोच मला बघत होता. घाट उतरेपर्यंत मी हसत होतो. घरी येऊन आईला खरं सांगितलं. तिने शंका काढलीच, आजीचा हात तुम्हाला दाखवायला धरला असेल. मी म्हटलं, विमल, हात दाखवायला धरता येतो, ठेका नाही. तिने डोळे पुसले आणि लग्नात पुरणपोळी करायची की जिलेबी, ते विचारलं.

तेव्हा मैना, आमचा दोघांचा होकार आहे, हे कळवायलाच हे पत्र. माझी अट एकच. तुझ्या लग्नात मशीनवर मी बसणार नाही. दुसरं कुणीही बसव, चकत्या मी देईन. मला तुझ्या आईबरोबर नाचायचं आहे. काल संध्याकाळी भांडी बाजूला सारून आम्ही स्वयंपाकघरात करून बघितलं. आयुष्यभर लोकांचा ठेका धरला, पण माझं स्वतःचं पाऊल चुकतं गं. काळूला सांग, आजीचा धरलास तसा माझाही हात धर.

तुझाच, आता मशीनसमोर येणारा,
आण्णा