साहेबांचा डोळा लागला त्याची गोष्ट

ती. दादास,

रागावलेल्या माणसाला आधी नमस्कार करावा आणि मग तब्येत विचारावी, की तब्येत विचारून राग किती उतरलाय ते बघावं आणि मग नमस्कार करावा, हे मला ठरवता येईना. म्हणून दोन्ही एकदमच करते. साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? वहिनीचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे आडवं पडावं इतके आजारी नाही आणि उभं राहावं इतका जोर नाही, अशा मधल्या अवस्थेत आहोत. गाद्यांच्या कारखान्यात जन्म चालला आणि पाठ टेकायला फुरसत नाही, आता बोल.

फोन करून सांगितलं असतं, पण फोन वहिनी उचलते आणि 'हे अंघोळीला गेलेत' म्हणते. तू सकाळी अंघोळीला असतोस, दुपारी असतोस, संध्याकाळीही असतोस. इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात पूर्वी झालेला नाही.

तुझा राग मला कळतो. बहिणीने धंद्यासाठी कर्ज मागितलं आणि जामीन म्हणून सख्ख्या भावाला सोडून सरकारला उभं केलं. 'सरकार तिचं कोण लागतं?' असं तू वहिनीमार्फत विचारलंस. कोणी लागत नाही रे. म्हणूनच तर. सरकारला गुडघा नाही, संसार नाही, आणि आमचा हप्ता चुकला म्हणून त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही असंही नाही. तू मात्र कोणी कागद पुढे केला की वाचायच्या आधी सही करतोस. सोडावॉटरवाल्याला जामीन राहिलास, तो गाव सोडून गेला, त्याचे हप्ते तू अजून भरतोयस. त्या केस कापणाऱ्याला जामीन राहिलास. तो गेला नाही, भरपाई म्हणून तुझे केस फुकट कापतो. पण दादा, डोक्यावर उरलेत किती? (वहिनीने मला काहीही सांगितलेलं नाही. 'वन्सं, यांच्यापुढे पेन ठेवू नका' असं ती कधीही म्हणालेली नाही. तुला हल्ली झोप लागत नाही हेसुद्धा नाही. गैरसमज नसावा.)

तर योजना अशी आहे. आमच्यासारख्या लहान धंद्यांकडे गहाण टाकायला काही नसतं म्हणून बँका दारात उभं करत नाहीत. मग सरकार बँकेला म्हणतं, द्या कर्ज, बुडलं तर त्यातला बराच भाग आम्ही भरून देऊ. त्यासाठी थोडी फी पडते, पण घर नको, दागिने नकोत, जामीन नको. हे ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा इतका उजळला की मला शंका आली. 'म्हणजे आपण नाही भरलं तर सरकार भरणार?' काउंटरवरच्या बाई थंडपणे म्हणाल्या, 'हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही भरायचंच आहे.' चेहरा परत होता तसा झाला. मग त्याच बाईंनी अर्ज उलटसुलट करून विचारलं, 'बरं, जामीन कोण?'

मी म्हटलं, 'सरकार.'

'ते झालंच हो. पण ओळखीतलं कोणी?'

कर्ज कशाला, तर कापूस पिंजायच्या मशीनला. जुनं तू पाहिलंयस. हल्ली ते सुरू करताना आधी खोकतं, मग धूर सोडतं आणि मग आमच्यावर उपकार म्हणून फिरतं. नर्सेसच्या वसतिगृहाचं काम आलंय, सगळ्या मजल्यांच्या गाद्या. तिथल्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत वाट बघते म्हटलंय. काम मिळालं तर तरलो. नाही तर शेजारचा मोबाईलची कव्हरं विकणारा आमच्या दोन्ही खोल्या घ्यायला टपलाच आहे. रोज सकाळी येऊन 'कसं चाललंय?' विचारतो आणि विचारताना डोळ्यांनी भिंती मोजतो.

कर्ज मंजूर करण्याआधी बँकेचे साहेब जागा बघायला येतात. आम्ही दोन दिवस झाडलोट केली. टाके घालणाऱ्या मावशींनी नवी साडी नेसली आणि दाभण हातात धरून बसल्या, जणू फोटो काढायचाय. मशीन सकाळपासून चालू ठेवलं, धडधड, धूर, सगळं व्यवस्थित. साहेब आले ते दुपारी, उन्हातून, कागदांची पिशवी खांद्याला. पोरगेलेसे, पण डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. घरी तान्ही जुळी आहेत म्हणाले. एक झोपलं की दुसरं उठतं. मला त्यांची दया आली आणि तिथेच घात झाला. मी म्हटलं, 'बसा ना, ही गादी आमची नवीन आहे, बघा तरी कशी झालीय.' ते टेकले. हाताने दाबून पाहिलं. मग जरा मागे रेलले. मग, दादा, पिशवी पोटावर घेऊन ते शांत झोपले.

आता तुला आमच्या मामंजींचा नियम ठाऊक आहे. (सासरे जाऊन एवढी वर्षं झाली, पण नियम अजून त्यांचेच चालतात.) दुकानात गादी बघताना गिऱ्हाइकाचा डोळा लागला तर त्याला उठवायचं नाही, आणि मशीन बंद करायचं. गादीवाल्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं, असं ते म्हणत. ह्यांनी मुळीच विचार केला नाही, सवयीने गेले आणि बटण बंद केलं. मावशींनी दाभण खाली ठेवलं. मी चप्पल काढून अनवाणी फिरू लागले. इतकी शांतता आमच्या कारखान्यात मामंजी गेले त्या दिवशीही नव्हती. मावशी हळूच म्हणाल्या, 'पोरगं किती दमलंय. घरी कोणी थोपटतं की नाही?' आणि खरोखर, त्यांनी त्याच्या अंगावर एक नवी कोरी खोळ घातली.

उन्हं उतरल्यावर साहेब दचकून उठले. कुठे आहोत हे कळायला वेळ लागला. मग लाजून लाल झाले, घाईघाईने दोन ओळी खरडल्या आणि पळाले. पुढच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं: भेटीच्या वेळी यंत्र बंद होतं, कामगार बसून होते, सबब व्यवसाय चालू असल्याचं दिसून आलं नाही.

मावशी म्हणाल्या, 'अहो, डोळे मिटले तर दिसणार कसं?'

पण हे लिहून कळवायचं कुणाला? तक्रार करावी तर त्या जुळ्यांच्या बापाची नोकरी जायची. न करावी तर आमचं दुकान. शेवटी आम्ही दोघं बँकेत गेलो. साहेबांनी आम्हाला पाहिलं, मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, 'त्या दिवशी तुमच्याकडे वीज गेली होती का हो?'

बघ, माणसाने कसं दार उघडून दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणून आत शिरायचं. आणि मी, तुझी बहीण, म्हटलं, 'नाही हो, वीज तर होती.' ह्यांनी टेबलाखालून मला लाथ मारली, ती साहेबांना लागली. साहेबांनी मोठा निःश्वास टाकला. 'मग पुन्हा यावं लागेल. गुरुवारी येतो.'

तेव्हापासून हे माझ्याशी फक्त कापसाबद्दल बोलतात. मला भांडायचंही त्राण नाही. इतकं दमल्यासारखं वाटतं की उशीच्या अभ्र्याला टाके घालता घालता हात थांबतो आणि मी नुसती सुईकडे बघत राहते. असो. तुझा राग गेला असेल तर कळव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
बहीण

ता. क. : खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण हे, की गुरुवारी तू येशील का? सही करायला नाही. साहेबांशी बोलायला. तू बोलायला बसलास की समोरच्याची डोळे मिटायची छाती होत नाही, हा आपल्या सगळ्या नातेवाइकांचा अनुभव आहे. त्यांना ती पाण्याच्या टाकीची गोष्ट सांग. पूर्ण सांग. तोवर मशीन चालू राहील.

ता. क. २ : पत्र टाकायचं राहिलं, आणि आता गुरुवारची गरज उरली नाही. साहेब मंगळवारीच आले, न कळवता. मशीन धडधडत होतं, हे कापसात बुडालेले, मावशींचे टाके चाललेले. आणि मी? त्याच गादीवर खोळ शिवता शिवता गाढ झोपले होते. हे उठवायला धावले तर साहेब म्हणाले, 'असू द्या, असू द्या.' मशीन मात्र कोणी थांबवलं नाही, कारण नियम गिऱ्हाइकांसाठी आहे, मालकिणीसाठी नाही. आणि त्यामुळेच काम झालं. मावशी सांगतात, साहेब जाताना वळून वळून माझ्याकडे बघत होते, 'वाईट नजरेने नाही हो, हेव्याने.' अहवालात त्यांनी लिहिलंय : यंत्र चालू, कामगार कामात, मालाचा दर्जा प्रत्यक्ष पाहिला, समाधानकारक.

ता. क. ३ : मंजुरी आली की मशीन येईल, पण अर्जात एक रकाना रिकामा आहे : अर्जदारास ओळखणारी व्यक्ती. मी काउंटरवरच्या बाईंना तीनदा विचारून घेतलं. यात जबाबदारी काही नाही, बँक तुझं काहीही नेऊ शकत नाही. (म्हणून तुला हे आवडणार नाही, हे मला माहीत आहे.) तिथे तुझं नाव घातलंय. पुढे विचारलंय, किती वर्षांपासून ओळखता? मी लिहिलं, 'मी जन्मले तेव्हापासून.' बाई म्हणाल्या, आकडा लागतो. तो तू येऊन लिही आणि खाली सही कर. पेन मी देईन, वहिनीची परवानगी घेऊन ठेवलीय. आणि आलास की घाई करू नकोस. त्या गादीवर जरा आडवा हो. तुझ्यासाठी मशीन बंद ठेवीन.